शेवटी "री" पाहिजे! बाळाच्या नावांचं अ‍ॅप वापरून पाहिलं (५ पैकी ३ स्टार)

भावाला दुसरी मुलगी झाली आणि बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. मान कसला, होमवर्कच. वहिनीची अट एकच, थोरलीचं नाव री वर संपतं तर धाकटीचंही री वरच संपलं पाहिजे, दोघींना एका दमात हाक मारता आली पाहिजे म्हणे. आईचं वेगळंच, तिने दाते पंचांगातलं अवकहडा चक्र (जन्मनक्षत्राच्या चरणावरून, म्हणजे चौथ्या भागावरून, नावाचं पहिलं अक्षर सांगणारा तक्ता) काढून बोट ठेवलं, रोहिणी, तिसरा चरण, अक्षर वी. आता वी ने सुरू आणि री ने शेवट असं नाव रात्री अकरा वाजता मला कुठून सुचणार, म्हणून हे अ‍ॅप टाकलं. अ‍ॅपचं नाव लिहीत नाहीये, यातली बरीचशी अ‍ॅप्स सारखीच वाटतात.

आधी चांगलं सांगते. शेवटच्या अक्षराचा फिल्टर आहे, आणि पहिलं न् शेवटचं दोन्ही एकदम लावता येतं. पंचांग फक्त पहिल्या अक्षराचं बोलतं, २७ नक्षत्रं गुणिले ४ चरण, १०८ अक्षरं, त्यात ङ आणि ञ पण आहेत, त्या चरणावर जन्मलेल्यांनी काय करायचं देव जाणे. पण जिन्यातून हाक मारताना लांबतं ते शेवटचंच ना? आमची आई तर आकारान्त नाव दिसलं की त्याला ए लावते, वरदा असेल तर "वरदेऽऽ", गिरिजा असेल तर "गिरिजेऽऽ". री ला तिला काही करता येत नाही, हा वहिनीचा छुपा हेतू असावा असा मला दाट संशय आहे 😄

आता कटकट. अ‍ॅप मराठी नावांचं म्हणवतं पण शेवटचं अक्षर इंग्रजीतच टाकायचं. आर आय टाकलं की भाग्यश्री, राजश्री, मैत्री, सावित्री सगळ्या एकाच रांगेत. मंजिरी तीन वेळा आली, तीन स्पेलिंगने. आणि ज्यांनी शेवटी डबल ई लावलंय त्या गौरी, ईश्वरी गायबच, त्या ई मध्ये शोधायच्या. ए टाकलं की तर विचारू नका, अर्धं अ‍ॅप तिथेच, मायरा कियारापासून शैलजापर्यंत. अरे, देवनागरीत शोधू दिलं असतं तर शेवटच्या अक्षरातच अर्थ सापडतो की, जा म्हणजे जन्मलेली, गिरिजा, शैलजा, आणि दा म्हणजे देणारी, वरदा, यशदा. हे अ‍ॅपवाल्यांच्या गावीही नाही.

अर्थाचा कॉलम तर सरळ दुर्लक्ष करा. वैखरीचा अर्थ दिलाय "सुंदर मुलगी". परा, पश्यंती, मध्यमा, वैखरी, वाणीची चार रूपं, त्यातलं बोललं जातं ते हे. आमचे बाबा शाळेत मराठी शिकवायचे, त्यांना स्क्रीन दाखवली तर त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि चहा मागितला.

आणि नोटिफिकेशन! "बारशाला फक्त ३ दिवस!" बाई गं. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नाव न ठरवता पण होते, नाव नंतर वर्षभरात फुकट घालता येतं, त्यामुळे असल्या मेसेजने घाबरून प्रीमियम घेऊ नका. मी घेतलं. जाहिराती गेल्या, बाकी काही फरक नाही.

बरं, वी आणि री दोन्ही लावल्यावर कामाचं एकच नाव आलं, विभावरी. घरात एकदम शांतता, मग बाबा म्हणाले विभावरी म्हणजे रात्र. थोरलीच्या नावाचा अर्थ पण रात्रच! वहिनी म्हणाली दोन्ही रात्री माझ्याच वाट्याला का, एकीनेच झोप उडवलीये. झालं. मग विभावरी रासनाव म्हणून पत्रिकेत गेलं (आई खूश) आणि हाक मारायला नुसत्या री च्या यादीतून शोधाशोध. माधुरी म्हटलं की सगळ्यांना दीक्षित आठवते, किशोरी म्हटलं की बाबा किशोरी आमोणकरांचा भूप राग लावून बसतात, गोदावरी मला फार आवडलं होतं पण वहिनीला ते नाशिकचं तिकीट काढल्यासारखं वाटतं. आसावरी आणि कस्तुरीवर मतदान झालं, कस्तुरी जिंकली.

तर, फिल्टरचे दोन स्टार आणि विभावरी दाखवल्याचा एक. पाळण्यापाशी मी कानात कुर्र केलं, पाठीत सगळ्यांचे धपाटे खाल्ले, आणि थोरलीने माईकसारखा चमचा धरून सगळ्यांना नाव सांगितलं, "कत्तुली". ती अजून र ला ल म्हणते, म्हणजे सध्या दोघींची नावं ली वर संपतात.