भाजलेली वीट की एएसी ब्लॉक: वजनाचा हिशेब

हातात घेतला तर एएसी ब्लॉकच (सच्छिद्र काँक्रीटचा ठोकळा) जड. १९×९×९ सेंमीची भाजलेली वीट अडीच-तीन किलोंची, ६०×२०×१० सेंमीचा कोरडा ब्लॉक सात-आठ किलोंचा. पण ब्लॉकचं घनफळ विटेच्या जवळपास आठपट! तेवढ्या विटा वीस किलोंच्या आसपास भरतील. ब्लॉक बनवताना ॲल्युमिनियमच्या भुकटीमुळे हायड्रोजनचे बुडबुडे उठतात, मिश्रण फुगतं आणि आत पोकळ्या राहतात. विटेचं वजन माती, दाब आणि भाजणीवर ठरतं. एकाच भट्टीतल्या दोन विटाही सारख्या भरतील असं नाही. शिवाय साध्या विटेत तिच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी मुरू शकतं. ब्लॉकही पाणी शोषतो, त्यामुळे तुलना दोन्ही कोरडे असतानाच करावी. वरच्या मजल्यावरच्या आतल्या भिंतींसाठी मी ब्लॉकच निवडेन.