वॅक्स काढायचं लिक्विड: माल चोख, पंप भिकार

पायाला पकड यावी म्हणून सर्फबोर्डवर वॅक्स घासतात, ते जुनं झालं की काढायला जे लिक्विड मिळतं, त्याच्या पंपाने मान टाकली म्हणून हे लिहायला बसलोय. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली आहे आणि ट्रिगर एकदा आत गेला की बाहेर यायचं नाव घेत नाही. सर्व्हिसवाल्यांशी वाजलं, ते पुढे सांगतो. काही महिने वापरून झालंय, तेव्हा आधी मालाबद्दल.

लिक्विड ज्या किटमध्ये येतं, त्यात असतं: संत्र्याच्या सालीच्या तेलापासून केलेलं लिक्विड, प्लॅस्टिकचा कंगवा आणि भुकटी भरलेली कापडी थैली. माझ्याकडे बोर्ड दोन. एक जुना पीयू (पॉलियुरेथेन) फोमचा लाँगबोर्ड, दुसरा ईपीएस फोम (म्हणजे थर्माकोलच्या जातीचा) आणि इपॉक्सी रेझिनचा छोटा. लाँगबोर्डवरचं वॅक्स कधीकाळी पांढरं होतं हे कुणाला सांगून पटलं नसतं. खाली टणक बेस कोट (वॅक्सचा पहिला थर), त्यावर थरावर थर, मधे वाळू, सनस्क्रीन आणि अंगाचा मळ. असलं वॅक्स पायाला पकड देत नाही, रॅशगार्डचं (सर्फिंगच्या घट्ट शर्टाचं) पोट मात्र बरोबर विरवतं.

सुरुवातीला माझं मत सरळ होतं: लिक्विड घ्या, बाकी सगळं विसरा. फवारून दोन-तीन मिनिटं थांबलं की बेस कोटसुद्धा सुटतो. खोबरेल तेलानेही वॅक्स सुटतं, नाही असं नाही, पण त्याचा तेलकटपणा मागे राहतो आणि त्यावर नवं वॅक्स धरत नाही. या लिक्विडचा बराचसा भाग उडून जातो, उरलेलं साबणाच्या पाण्याने निघतं.

ते मत आता निम्मंच उरलंय, आणि त्याला कारण बाटलीवर छापलेली पद्धत. भरपूर फवारा, थांबा, मग खरवडा, असं तिथे म्हटलंय. भरपूर म्हणणारच, लिक्विड विकणारे तेच! जाड थरावर फवारलं की वॅक्सचा नुसता चिखल होतो. तो कंगव्यापुढे पळतो, रेलवरून (बोर्डाच्या कडेवरून) खालच्या बाजूला उतरतो, फिन बॉक्समध्ये (खालचे पंख बसवायच्या खाचेत) जाऊन बसतो. पुसायचे कपडे संपतात आणि बाटलीतली पातळी डोळ्यांदेखत खाली जाते.

आधी कोरडं खरवडायचं, एवढीच खरी युक्ती. वॅक्स गार असेल तर कपच्या उडतात, जास्त तापलं तर नुसतं फासलं जातं. बोटाने दाबल्यावर ठसा उठेल इतपत मऊ झालं की कंगव्याची सरळ धार तिरकी धरायची आणि नोजकडून (पुढच्या टोकाकडून) टेलकडे (मागच्या टोकाकडे) एका दमात ओढायची. वॅक्स धारेपुढे गुंडाळत येतं, त्यात अडकलेले वाळूचे कण दिसतात, आणि मागे रेझिनची स्वच्छ पट्टी उघडी पडते, खालच्या स्ट्रिंगरच्या (फोमच्या मधोमध बसवलेल्या पट्टीच्या) लाकडी रेघेसकट. रेलसाठी कंगव्याची गोल खाच वापरायची. दातेरी बाजूचं इथे काम नाही, ती गुळगुळीत झालेल्या वॅक्सवर चरे पाडून पकड परत आणायला असते. निघालेलं वॅक्स किनाऱ्यावर टाकून येऊ नका. वाळू मिसळलेली असल्यामुळे ते पुन्हा बोर्डाला लावण्यात अर्थ नाही, पण शेकोटी पेटवायला झकास. मी डब्यात साठवतो. फुकट गेलेलं मला बघवत नाही.

एवढं झालं की डेकवर (बोर्डाच्या वरच्या बाजूवर) फक्त पुसटसा दुधी थर उरतो. लिक्विड लागतं ते त्याच्यासाठी. अशा हिशेबाने बाटली कितीतरी पुरते.

वॅक्स मऊ करायला बोर्ड उन्हात टाक, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. हा सल्ला पीयू बोर्डांच्या काळातला, आणि तेव्हाही तो काही मिनिटांपुरताच होता. सर्फबोर्डच्या पीयू फोमचा सगळ्यात मोठा पुरवठादार, अमेरिकेतला क्लार्क फोम, ५ डिसेंबर २००५ रोजी एकाएकी बंद पडला आणि त्यानंतर ईपीएस-इपॉक्सीचे बोर्ड झपाट्याने वाढले. फोम बदलला तरी सल्ला तोच राहिला. ईपीएसच्या मण्यांमध्ये हवा असते. बोर्ड तापला की ती पसरते आणि वरचं फायबरग्लास फोमपासून सुटून तिथे फुगा येतो. बंद गाडीत तर विचारायलाच नको. म्हणून छोटा बोर्ड मी सावलीतच साफ करतो, हात थोडे जास्त दुखले तरी चालतील.

आता बाटलीवर जे छापलेलंच नाही ते. या लिक्विडमधलं लिमोनीन (संत्र्याच्या सालीच्या तेलातलं मुख्य द्रव्य) पॉलिस्टायरीन विरघळवतं, आणि ईपीएस म्हणजे पॉलिस्टायरीनच. बाहेरचं कवच धड असेल तर काही बिघडत नाही. पण डिंगमधून (ठोकर लागून फुटलेल्या जागेतून) आत शिरलं तर फोम आतल्या आत खात जातं आणि वरून पत्ता लागत नाही. असल्या भेगा नेमक्या वॅक्सखाली लपलेल्या असतात. माझ्या छोट्या बोर्डवर टाचेने पडलेला एक खळगा आहे. कोरडं खरवडल्यावर त्याच्या कडेला केसाएवढी भेग दिसली, आणि भेगेलगत मळकट ओल. तिथे लिक्विडचा थेंब जाऊ दिला नाही. बोर्ड पूर्ण वाळवला, भेग बुजवली, मग बाकीची सफाई. छापील पद्धतीने गेलो असतो तर भेग दिसायच्या आधीच तिच्यावर फवारा बसला असता! एवढी महत्त्वाची गोष्ट छापायला लेबलवर जागा नव्हती, संत्र्याचं चित्र काढायला मात्र होती. मऊ फोमच्या सॉफ्टटॉप बोर्डवर हे वापरूच नका. ॲसिटोनने वॅक्स काढणाऱ्यांनीही जपून, ईपीएसचा तोच प्रकार होतो.

तर, पंप. पहिले काही आठवडे छान चालला. मग ट्रिगर जड झाला, मग फवाऱ्याऐवजी धार यायला लागली, मग कायमचा अडकला. खोलून बघितला तर पिस्टनवरची काळी रबरी रिंग फुगून खाचेबाहेर आलेली. लिमोनीन बऱ्याच जातीच्या रबराला फुगवतं, म्हणून सॉल्व्हंटसाठीच्या पंपात व्हिटॉनसारख्या दमदार रबराची रिंग घालतात. ती थोडी महाग पडते. जी कंपनी सॉल्व्हंट विकून जगते, तिला आपला सॉल्व्हंट आपल्याच पंपाचं काय करतो हे ठाऊक नसेल?

सर्व्हिसला कळवलं. फोटो पाठवा म्हणाले, पाठवला. व्हिडिओ पाठवा, तोही पाठवला. मग विचारलं, वापरानंतर पंप पाण्याने धुवत होता का? मग कळलं की पंप वॉरंटीत येत नाही, पण नवी बाटली सवलतीत मिळेल. अहो, बाटली आहे माझ्याकडे, भरलेली आहे! मला बोटाच्या पेराएवढी रिंग हवी आहे. त्यावर ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ एवढं उत्तर आलं आणि विषय बंद.

सध्या लिक्विड कापडावर ओतून घेतो. खरं तर हेच बरं. हवं तिथेच लागतं, ट्रॅक्शन पॅडच्या (पायाच्या पकडीसाठी बोर्डाला चिकटवलेल्या पॅडच्या) कडेपाशी जात नाही (गेलं तर पॅडचा गोंद सुटतो), आणि खर्चही कमी. म्हणजे पंपाची मुळात गरजच नव्हती. मग साधं झाकण का दिलं नाही? अडकलेला पंप बाटली नीट बंद करत नाही, आणि लिमोनीनला हवा लागत राहिली की त्यातून त्वचेला ॲलर्जी आणणारी द्रव्यं तयार होतात. हल्ली माझ्या मनगटाला खाज सुटते, ताज्या बाटलीने सुटत नव्हती. नायट्राइलचे हातमोजे घाला. लेटेक्सचे नकोत, त्यांचं त्या रिंगेसारखंच होईल. शेगडी, सिगारेट लांब ठेवा. लिमोनीनची वाफ साधारण ४८ अंश सेल्सियसला पेट घेऊ शकते.

मन जिंकलं ते कापडी थैलीने. पॅकिंगमधलं खेळणं समजून मी ती बाजूला टाकली होती. बाटली रुसल्यावर हातात घेतली आणि खरवडलेल्या डेकवर कोरडीच जोरात घासली, तर तो दुधी थर तिने जवळजवळ सगळा ओढून घेतला. लाँगबोर्डची चकाकी गेलेली, घासलेली फिनिश आहे. तिच्यावर लिक्विडने मळ इकडून तिकडे सरकायचा, थैलीने तो निघाला. थैलीवर वॅक्स साचलं की कंगव्याने खरवडून पुन्हा कामाला लावायची. पिवळेपणा मात्र कशानेच जात नाही. तो उन्हाने फोम आणि रेझिनमध्ये आलेला असतो, त्यासाठी लिक्विड वाया घालवू नका.

आता माझा क्रम असा झालाय: कोरडं खरवडणं, थैली, अगदीच चिवट जागी कापडावर थोडं लिक्विड, मग साबणाचं पाणी, आणि बोर्ड पूर्ण वाळल्यावर नवा बेस कोट.

ताजा कलम: एवढं लिहून ठेवलं आणि पार्सल आलं. आत नवा पंप, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. लावायच्या आधी खोलून बघितला. रिंग तीच, काळी. तो साबणाच्या पाण्याच्या बाटलीला बसवलाय, तिथे मस्त चालतो.