बोटीच्या पाठीवर कुठलं गाव? अमेरिकन कोस्ट गार्डची नोंदणी आणि व्हिनाइलची अक्षरं

अमेरिकेत हौसेची बोट कोस्ट गार्डकडे नोंदवली की तिच्यावर नावासोबत एका गावाचं नावही लावावं लागतं. त्याला हेलिंग पोर्ट म्हणतात. या नोंदणीतली आम्हाला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे हे गाव मालकानं स्वतः ठरवायचं असतं. बोट जिथे बांधून ठेवता तेच बंदर लिहा, असा आग्रह नाही. गावाला समुद्र असलाच पाहिजे, असंही नाही. बोट चेसापीकच्या उपसागरात आणि पाठीवर, म्हणजे मागच्या बाहेरच्या बाजूवर, डेन्व्हर, कोलोराडो, हे नियमात पूर्ण बसतं.

पण नोंदणी कोणाला मिळते हे आधी पाहा, कारण इथे बऱ्याच मराठी कुटुंबांचा गोंधळ होतो. मालक अमेरिकन नागरिक हवा. ग्रीन कार्ड चालत नाही. नवराबायकोच्या संयुक्त नावावर बोट असेल तर दोघंही नागरिक हवेत. शिवाय बोट किमान 5 नेट टनांची हवी. हे टन वजनाचे नसून आतल्या जागेचे असतात. साधारण 25-26 फुटांपुढच्या बोटी त्यात बसतात. हे जमत नसेल तर राज्याची नोंदणी करायची. तिथे हेलिंग पोर्ट लावायची सक्तीच नाही, फक्त राज्यानं दिलेला क्रमांक पुढच्या भागात दोन्ही बाजूंना, निदान 3 इंच उंचीच्या ठळक अक्षरांत लावायचा.

आता गावाची निवड. ठिकाण अमेरिकेतलंच हवं आणि सरकारी स्थळयादीत असलेलं हवं, त्यामुळे मालवण किंवा मुंबई अर्जात टाकता येत नाही. मरीनाचं (बोटी उभ्या करायच्या खासगी बंदराचं) किंवा वसाहतीचं नाव यादीत सापडेलच असं नाही. वाद झाला तर शेवटचा शब्द कोस्ट गार्डच्या नोंदणी केंद्राच्या संचालकांचा. गावासोबत राज्याचं नाव लागतं, त्याचं लघुरूप चालतं. बंदरात एखाद्या जुन्या बोटीवर राज्याशिवाय नुसतं गाव दिसलं म्हणून तसंच करायला जाऊ नका. 1 जुलै 1982 पूर्वी नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालेल्या बोटींना ती सवलत आहे, आणि मालकानं नवं गाव निवडलं की तीही संपते.

विल्मिंग्टन, डेलावेअर हे नाव खूप बोटींवर दिसतं. त्या राज्यात विक्रीकर नाही, म्हणून ते लिहिलं की कर वाचतो अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. बोट कुठे ठेवली आणि वापरली जाते यावर कर ठरतो, पाठीवरच्या अक्षरांवर नाही. विम्याचंही तेच: कंपनीला बोट उभी असते ती खरी जागा कळवावीच लागते. म्हणून आमचं मत असं की, जे गाव तुम्ही मनापासून आपलं मानता तेच लिहा. नोकरीमुळे घर बदललं तरी हेलिंग पोर्ट बदलायची गरज नसते. नवा पत्ता मात्र दहा दिवसांच्या आत केंद्राला कळवायचा असतो.

गाव ठरवण्याआधी टेप घेऊन बोटीची पाठ मोजा. नाव आणि गाव दोन्हींची अक्षरं किमान 4 इंच उंच हवीत. नाव मोठं आणि गाव खाली 3 इंचांत, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. ठळक मोठ्या लिपीतल्या 4 इंची अक्षराला मधल्या फटीसकट साधारण 3 इंच रुंदी लागते. त्या हिशोबानं ‘एडिसन, एन.जे.’ला इंग्रजीत सुमारे अडीच फूट लागतात, ‘जर्सी सिटी, एन.जे.’ला साडेतीन, आणि ‘पर्थ अँबॉय’पुढे न्यू जर्सी पूर्ण लिहिलंत तर साडेपाच. दोन ओळी आणि मधली 2 इंचांची फट धरून उंचीला 10 इंच मोकळे हवेत. शिडी, एक्झॉस्टचं भोक, मागे टांगलेली छोटी डिंगी यांनी अक्षरं झाकली जाणार असतील तर ती बाजूला लावा. हौसेच्या बोटीला हलच्या, म्हणजे बोटीच्या मुख्य सांगाड्याच्या, बाहेरच्या कुठल्याही स्पष्ट दिसणाऱ्या भागाची मुभा आहे, फक्त नाव आणि गाव एकत्र हवं.

अक्षरं लॅटिन लिपीतलीच हवीत. ‘सागरिका’ देवनागरीत लिहिलेलं सुंदर दिसतं, पण त्यानं नियम पुरा होत नाही. ते शोभेसाठी वेगळं लावा.

व्हिनाइलची कापीव अक्षरं ऑनलाइन मागवणं सोपं आणि स्वस्त आहे, आणि आम्ही तीच सुचवू. ऑर्डर देताना दोन गोष्टी तपासा. पहिली, ‘4 इंच’ म्हणजे कशाची उंची? काही दुकानांची मोजणी छोट्या ‘जी’, ‘वाय’सारख्या अक्षरांच्या लटकणाऱ्या शेपटीसकट असते, मग प्रत्यक्ष ‘ई’ सव्वातीन इंचांचा निघतो. सगळी अक्षरं कॅपिटल घ्या आणि वळणदार लिपी टाळा. दुसरी, व्हिनाइलचा प्रकार. ओराकल 651 हे कॅलेंडर्ड व्हिनाइल सपाट पाठीला पुरतं. पाठीला गोलाई असेल तर 751सारखं कास्ट व्हिनाइल घ्या. ते पातळ असतं, वळणावर नीट बसतं आणि आकसून कडा सुटण्याचा धोका कमी असतो.

जुनी अक्षरं हेअर ड्रायरनं गरम करून प्लास्टिकच्या पात्यानं काढा. धातूच्या पात्यानं जेलकोटवर (फायबरच्या बोटीचा वरचा चकचकीत थर) ओरखडे पडतात. खाली जुन्या नावाची सावली उरते, कारण उघडा जेलकोट उन्हानं उडालेला असतो आणि अक्षरांखालचा ताजा. रबिंग कंपाउंडनं ती बरीच जाते. त्यानंतर मेण लावायचं नाही. उलट असलेलं मेणही काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्यायचं. अक्षरं चार दिवसांत सुटली तर कारण बहुतेक वेळा मेणच असतं. हवा 10 ते 32 अंश सेल्सिअस असावी आणि पाठ सावलीत. आधी अक्षरांची पट्टी मास्किंग टेपनं जागेवर टांगा, थोडं लांब जाऊन ओळ सरळ आहे का पाहा, आणि मगच मागचा कागद सोडवा. पाण्यात बेबी शाम्पूचे दोन-तीन थेंब घालून फवारलं की अक्षरं सरकवता येतात. मधून कडेकडे स्क्वीजी (पाणी-हवा दाबून काढायची पट्टी) फिरवा आणि अक्षरं एकत्र धरणारा वरचा टेप पूर्ण उलटा दुमडत सावकाश ओढा.

सेवेचं शुल्क वाजवी आहे: पहिली नोंदणी 133 डॉलर, नाव किंवा गाव बदलून नवं प्रमाणपत्र 84, नूतनीकरण वर्षाला 26. हौसेच्या बोटीला एकदम पाच वर्षांचं, म्हणजे 130 डॉलरचं नूतनीकरण मिळतं. उणीव वेळेची. अर्ज सीजी-1258 भरल्यावर वाट पाहावी लागते. सध्या कुठल्या तारखेचे अर्ज हाताळले जातायत हे केंद्राच्या संकेतस्थळावर दिसतं. त्या पत्त्यात ‘डॉट मिल’ आहे का ते नक्की पाहा. सरकारी वाटतील अशी पत्रं आणि संकेतस्थळं काढून खासगी मंडळी याच कामाचे कितीतरी जास्त पैसे घेतात, आणि कोस्ट गार्डनं स्वतः त्याबद्दल सावध केलेलं आहे.

क्रम असा ठेवा: आधी प्रमाणपत्र हातात, त्यावरचं स्पेलिंग तपासणं, मग अक्षरांची ऑर्डर. पण अक्षरं लावल्याशिवाय बोट बाहेर काढू नका, खुणा नसतील तर प्रमाणपत्र चालवण्यासाठी वैध धरत नाहीत.

आणि व्हिनाइल फक्त बाहेरच वापरा. कोस्ट गार्डनं दिलेला अधिकृत क्रमांक बोटीच्या आत, हलच्या एखाद्या पक्क्या भागावर, आधी ‘एनओ.’ (NO.) लिहून किमान 3 इंची ठळक अंकांत लागतो, आणि तो काढला तर खूण राहिलीच पाहिजे. स्टिकरनं ते होत नाही. लाकडी किंवा फायबरच्या फळीवर अंक कोरून ती फळी इपॉक्सीनं आतल्या बल्कहेडला (बोटीतल्या आडव्या भिंतीला) कायमची चिकटवा.