गळत होता वॉटर पंप, पैसे गेले हेड गॅस्केटचे

मिस्त्रीनं गोणपाट धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. वाफेचा भपका आला, थोडं पाणी उसळून बाहेर पडलं, आणि आतलं खदखदायला लागलं. "मालक, बुडबुडे बघा. हेड गॅस्केट गेलंय. इंजिनाचा गॅस पाण्यात येतोय." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, आणि तो व खालचा ब्लॉक यांच्यामधला पातळ पत्रा म्हणजे हेड गॅस्केट. मी वाकून बघितलं. बुडबुडे होतेच. त्या बुडबुड्यांपायी माझे १८,७०० रुपये गेले, म्हणून हे लिहितोय.

गाडी टाटा ४०७, म्हणजे छोटा मालट्रक, २००८ चं मॉडेल, मी दुसरा मालक. पुण्याच्या मार्केट यार्डात बटाटा नाहीतर लसूण भरायचा आणि कराडला उतरवायचा, हा आमचा नेहमीचा फेरा. महिनाभर गाडी पाणी खात होती. रोज सकाळी लिटर-दीड लिटर घालावं लागायचं. इथं माझीही चूक कबूल करतो. गळतं कुठून हे न बघता मी बोअरचं पाणी ओतत राहिलो. कूलंट कधीच संपलं होतं, उरलं होतं ते नुसतं क्षाराचं पाणी. वर एका ड्रायव्हर मित्राचं ऐकून रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली. हळदीनं रेडिएटरची बारीक गळती थांबते, हे मी स्वतः पाहिलंय. पण माझी गळती रेडिएटरची नव्हतीच. हळद नळ्यांत जाऊन बसली, एवढंच झालं.

एप्रिलची दुपार, मागं चाळीस गोण्या बटाटा. शिरवळच्या पुढचं खंडाळा मागं टाकलं, खंबाटकी घाट समोर दिसायला लागला आणि तापमानाचा काटा लालकडं सरकला. गाडी बाजूला घेत होतो, तेवढ्यात मोटारसायकलवरचा एक पोरगा शेजारी आला. "काका, खालून पाणी गळतंय. घाट चढू नका, हेड फुटेल. पुढं आमच्या ओळखीचा मिस्त्री आहे." पाणी खरंच गळत होतं, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ वर फोन करता येतो, हे टोलनाक्याच्या पाटीवर शंभर वेळा वाचलं होतं. त्या वेळी आठवलं नाही. पोराच्या मागं मागं धाब्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो.

आता त्या बुडबुड्यांचं. रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नसतं. त्यातली स्प्रिंग आतलं पाणी दाबाखाली धरून ठेवते, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. तापलेल्या गाडीचं झाकण काढलं की दाब सुटतो आणि तेच पाणी त्या क्षणी उकळायला लागतं. म्हणजे गरम इंजिनाचं झाकण उघडलं तर गॅस्केट चांगलं असो की खराब, बुडबुडे येणारच. वर चेहरा भाजायची भीती वेगळी. गॅस्केट तपासायचं तर ते थंड गाडीवर. रात्रभर उभ्या गाडीचं झाकण काढायचं, पाणी काठोकाठ भरायचं, स्टार्टर मारायचा आणि बघत बसायचं. सुरुवातीला अडकलेली हवा थोडी निघते, ती निघू द्यायची. त्यानंतरही, पाणी कोमट व्हायच्या आत, बुडबुड्यांची धार चालूच राहिली तर गॅस्केटवर संशय घ्यायचा. दुसरी खूण ऑइलची. पाणी ऑइलमध्ये मिसळलं की ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. माझी डिपस्टिक, म्हणजे ऑइल बघायची पट्टी, त्या दिवशी बाहेर काढली होती, ऑइल काळंभोर होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. तरी गप्प बसलो. मिस्त्री ठामपणे बोलत होता आणि कराडचा व्यापारी दर अर्ध्या तासानं फोन करत होता.

"हेड उतरवतो, साताऱ्याला लेथवर फेसिंग करून आणतो, नवं गॅस्केट टाकतो. सकाळी गाडी तुमची. तुम्ही धाब्यावर जेवा, खाट आहे, आराम करा." मी म्हटलं, बघत थांबतो. तो हसला. "डॉक्टर ऑपरेशनला नातेवाइकांना आत घेतो का, मालक?" मलाही हसू आलं. आता त्या हसण्याचाच जास्त राग येतो.

सकाळी सहाला गाडी तयार. रात्रीच्या रात्री साताऱ्यात कुठला लेथवाला हेड घासून देतो, हा प्रश्न मला चार दिवसांनी पडला. मिस्त्रीनं एक काळवंडलेलं, कडेला जळालेलं गॅस्केट हातात दिलं. "हे तुमचं जुनं." हिशेब तोंडी: गॅस्केट, फेसिंग, ऑइल, कूलंट, मजुरी. ऑनलाइन पैसे देतो म्हटलं तर "इथं रेंज नाही". माझ्या मोबाइलला रेंज होती. तरी खिशातले आणि व्यापाऱ्याच्या माणसाकडून मागवलेले असे रोख मोजले. बिल मागितलं, तर बिलबुक संपलंय म्हणाला.

घाट चढलो आणि काटा निम्म्याच्याही खालीच. गळती बंद. इतकी थंड गाडी मी कधी चालवली नव्हती. खरं सांगतो, निघताना त्या मोटारसायकलवाल्या पोराला खुशीनं दोनशे रुपये दिले होते.

चौथ्या दिवशी उंब्रजच्या अलीकडे पुढून घरघर सुरू झाली. आधी वाटलं पट्टा. मग कर्र कर्र असा आवाज, आणि रेडिएटरमधून पाण्याची पिचकारी. गाडी ओढून कराडला आमच्या नेहमीच्या फिटरकडं आणली. हे गृहस्थ साठीचे, सगळे त्यांना वस्ताद म्हणतात, बोलणं कमी. त्यांनी पंखा हातानं हलवला तर तो वर-खाली डुलत होता. माझ्या गाडीत पंखा, इंजिनात पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्याच शाफ्टवर बसतो. पंपाचं बेअरिंग खलास झालं होतं आणि पंख्याची पाती रेडिएटरला घासली होती.

वस्तादांनी पंप खोलला आणि स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खालून काहीतरी खरवडून काढलं. वाळलेली एम-सील. पंपाच्या बॉडीला खाली एक बारीक भोक असतं. आतला सील गेला की पाणी बेअरिंगपर्यंत न जाता त्या भोकातून बाहेर ठिबकावं, म्हणून ते ठेवलेलं असतं. तिथून थेंब यायला लागले की पंप बदला किंवा नवा सील टाका, असं गाडीच सांगत असते. महिनाभर माझं पाणी तिथूनच जात होतं. त्या मिस्त्रीनं ते भोकच बुजवलं. बाहेरची गळती थांबली, पाणी बेअरिंगमध्ये शिरलं, ग्रीस धुऊन गेलं.

"आणि काटा खाली कसा आला?" मी विचारलं. वस्तादांनी थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडून दाखवलं. आत रिकामं. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारा वॉल्व्ह इथं असतो, तोच काढून टाकला होता. वॉल्व्ह नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन गरजेपेक्षा गार राहतं. गाडीवाला खूश, पण डिझेल जास्त जातं आणि इंजिन झिजतं. मी ज्याला चांगलं काम समजून दोनशे रुपये बक्षीस दिलं, ते हे.

मला अजूनही वाटत होतं की गॅस्केट तरी बदललं असेल. वस्ताद काही बोलले नाहीत, मला टॅपेट कव्हरजवळ, म्हणजे हेडच्या वरच्या झाकणाजवळ नेलं. बोल्टांवर वर्षानुवर्षांची धूळ आणि ऑइल यांची पापडी जमलेली, कुठंही पान्याचा ओरखडा नाही. हे कव्हर न काढता हेड निघतच नाही. मग त्यांनी ते "जुनं गॅस्केट" मागितलं. नशिबानं मी ते सीटमागं टाकलं होतं. त्यांनी स्केल लावली. "काका, तुमच्या इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, ९७ मिलिमीटर. हे भोक ९२ चं. हे तुमच्या गाडीत बसलं असतं, तर पिस्टन वर येताना यालाच धडकला असता." कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं जळकं गॅस्केट मला माझं म्हणून दिलं होतं. ऑइलही जुनंच होतं. कूलंट म्हणजे हिरवा रंग टाकलेलं पाणी.

पंप दुरुस्त झाला, नवा थर्मोस्टॅट बसला, रेडिएटर साफ करून झाळून घेतला. सगळे मिळून ६,४०० रुपये. फेऱ्या बुडाल्या त्या वेगळ्या. खंडाळ्यालाच पंप बदलला असता तर रेडिएटरला हातही लावावा लागला नसता. या वेळी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे थंड गाडीवर झाकण काढून आम्ही दोघं दहा मिनिटं आत बघत उभे राहिलो. सुरुवातीला दोन-तीन बुडबुडे आले, मग पाणी शांत.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला. पहिला प्रश्न, बिल आहे का? बिल नव्हतं, पैसे दिल्याचा पुरावा नव्हता, शेडवर पाटी नव्हती. कागद असता तर जिल्हा ग्राहक आयोगाकडं जाता आलं असतं. तेव्हापासून कोणी हेड खोलायचं म्हणालं, तर मी आधी टॅपेट कव्हरच्या आणि हेडच्या बोल्टांवर खडूनं रेघा मारतो, त्याच्यासमोर फोटो काढतो, आणि भंगार झालेला जुना पार्ट त्याच जागेवर लावून बघतो. एकदा रेघा मारताना बघून शिरवळचा एक मिस्त्री म्हणाला, "हेडचं राहू द्या, आधी होजचा क्लॅम्प आवळून बघू." गळती तिथूनच होती. पन्नास रुपये घेतले त्यानं.

पुढच्या महिन्यात गॅस्केट घेऊन त्या शेडवर गेलो होतो. कुलूप होतं. धाबेवाला म्हणाला, मिस्त्री गावच्या जत्रेला गेलाय, आणि चहाचं भांडं घासत राहिला. ते गॅस्केट आता वस्तादांच्या दुकानात खिळ्याला टांगलंय. गरम गाडी घेऊन कोणी "बुडबुडे येतायत" म्हणत आला, की ते त्याच्याकडं बोट दाखवतात आणि म्हणतात, "आधी गाडी थंड होऊ दे."