मुलांच्या एक्स-रेचा डोस: चिप की मीटर?

मुलांच्या एक्स-रेत किरणांचा डोस मोजायला टीएलडी चिप (किरणांची ऊर्जा साठवून तापवल्यावर प्रकाश देणारा तुकडा) घेऊ की डीएपी मीटर (डोस आणि क्षेत्रफळाचा गुणाकार दाखवणारं यंत्र), असं एका तंत्रज्ञ मैत्रिणीने विचारलं. लिथियम फ्लोराइडची चिप नखाएवढीही नसते. थेट त्वचेवर चिकटते, शरीरातून उलट फिरलेले किरणही धरते. पण ती तापवून वाचेपर्यंत आकडा नाही, वर कॅलिब्रेशनची, म्हणजे आकडा प्रमाणाशी जुळवून घेण्याची, कटकट.

मीटर कॉलिमेटरवर, म्हणजे किरणांच्या झोताची चौकट लहानमोठी करणाऱ्या भागावर बसतो, आकडा लगेच. तो डोस गुणिले क्षेत्रफळ मोजतो. चौकट सैल सोडली की आकडा फुगतो, चोरी तिथेच पकडली जाते! मात्र बाळाच्या अंगाबाहेर गेलेला झोतही तो मोजतो, आणि नवजाताच्या इवल्या चौकटीला काही मीटर चक्क शून्य दाखवतात.

रोजच्या कामात डोस आटोक्यात ठेवायचा तर मीटर. त्वचेवरचा नेमका डोस हवा, किंवा मीटरचीच पडताळणी करायची, तर चिप.