रपेटीसाठी गेले, खुरांत अडकले: बायकांच्या रायडिंग बॅचचे आठ महिने

गेल्या सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस उघडल्या उघडल्या, मी नाशकातल्या गिरणारे रस्त्यावरच्या एका तबेल्यात बायकांच्या बॅचला नाव घातलं. वय 44, पतसंस्थेत खुर्चीवरची नोकरी आणि घोड्याचा पूर्वानुभव म्हणजे सहावीच्या सहलीत माथेरानला काढलेला एक फोटो, ज्यात घोडा हसतोय आणि मी रडतेय. दिवाळीचा आठवडा, नडगीला मार लागल्यावरचे तीन आठवडे आणि पाळीच्या दोन वेळा सोडल्या तर तेव्हापासून खाडा नाही. ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात, ‘कसं आहे गं, जाऊ का?’ म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. तबेल्याचं नाव देत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि माणसं दर आठवड्याला समोर येतात.

आधी काय मिळतं ते. दर रविवारी सकाळी ग्रुपनं रपेट आणि महिन्यातून दोन शनिवार ‘क्लिनिक’, म्हणजे रिंगणातली शिकवणी. (सासूबाईंचा अजून समज आहे की मी शनिवारी घोड्यांच्या दवाखान्यात मदतीला जाते. मी तो मोडलेला नाही, त्यामुळे सकाळचा स्वयंपाक सुटतो.) एका रपेटीचे 900 रुपये, एका क्लिनिकचे 1,400, दोन्ही एकत्र घेतलं तर महिन्याचे 5,500. बॅच फक्त बायकांची, जास्तीत जास्त सहा जणी. हे ‘जास्तीत जास्त सहा’ लक्षात ठेवा.

जाहिरात सगळी रपेटीची आहे. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला कोवळं ऊन, ओळीनं सहा घोडे, बायकांचे केस वाऱ्यावर. केस वाऱ्यावर म्हणजे डोक्यावर हेल्मेट नाही, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मीही त्या फोटोलाच भुलले. पहिले दोन रविवार मी स्वार कसली, पाठीवर लादलेलं सामान होते. शेवंती नावाची कुमैत, म्हणजे तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची घोडी पुढच्या घोड्याच्या शेपटीला नाक लावून चालायची, तो थांबला की थांबायची, त्यानं लीद टाकली की हिलाही आठवण व्हायची. लगाम माझ्या हातात होता, पण एसटीतल्या दांडीसारखा, आधाराला. सात-आठ किलोमीटर, दीडेक तास. सोमवारी पतसंस्थेच्या चार पायऱ्या उतरताना मांड्यांनी जीव काढला.

पैसे वसूल होतात ते शनिवारी. शिकवायला सैन्यातून निवृत्त झालेले एक दफेदार आहेत, सगळ्या जणी त्यांना साहेबच म्हणतात. पहिल्या क्लिनिकला चार तासांत त्यांनी आम्हाला एकदाही वर बसू दिलं नाही. दोघी चिडल्या, एकीनं पैसे परत मागितले. काम काय, तर घोडीला दोर लावून रिंगणात चालवायचं, थांबवायचं, दोन पावलं मागे घ्यायचं. मी दोर ओढला. शेवंतीनं मान ताठ केली. मी आणखी ओढला. चारशे किलोच्या आसपासचं जनावर ते, ओढाओढीत कोण जिंकणार?

‘ताई, रस्सीखेच नको. दाब द्या आणि थांबा. तिनं अर्धं पाऊल दिलं की त्या क्षणी सोडा.’

मी दोर नुसता ताणून धरला. मनात आकडे मोजत होते. सात, आठ, काहीच नाही. मग तिचा पुढचा डावा खूर मातीतून जरासा उचलला आणि मी दोर सैल सोडला. शेवंतीनं लांब श्वास टाकला, जीभ ओठांवरून फिरवली. दुसऱ्या वेळी तीन आकडे झाले. चौथ्या वेळी मी दोर ताणायच्या आत ती मागे सरली. घोडं शिकतं ते दाब सुटतो तेव्हा. सोडायला उशीर केला तर त्याला वाटतं, उत्तर चुकलं, मग ते दुसरं काहीतरी करून बघतं, मान उडवतं, आडवं जातं, आणि आपण म्हणतो घोडं हट्टी आहे. तोंडातल्या कडियाळ्याला, म्हणजे लगामाच्या लोखंडी तुकड्याला, हाच नियम. त्यानंतरच्या रविवारी शेवंती पुढच्या शेपटीपासून दोन हात मागे, माझ्या सांगण्यावरून चालली. दोनच हात, पण घरी येऊन मी नवऱ्याला तीनदा सांगितलं.

दुसऱ्या शनिवारी खूर. खांद्यापासून हात फिरवत पायाच्या घोट्यापर्यंत यायचं, तिच्या अंगावर जरा रेलायचं, म्हणजे ती वजन दुसऱ्या पायावर घेते आणि हा पाय आपसूक हातात देते. आकडीनं टाचेकडून पुढे खरवडायचं, मधल्या त्रिकोणी मऊ गादीला धक्का न लावता. मला वाटायचं खूर म्हणजे लाकडाचा ओंडका. नोव्हेंबरात एकदा त्या गादीच्या खाचेत बोटाच्या पेराएवढा तारेचा तुकडा निघाला, द्राक्षाच्या मांडवाची असते तसली. शेवंती लंगडत नव्हती, आणखी तासभर चालली असती तर लंगडली असती. आमच्याकडे सगळा रस्ता बागांमधून, तारा तोडून बांधावर फेकायची सवय सगळ्यांनाच. आता मी चढण्याआधी आणि उतरल्यावर चारही खूर बघते, नालबंद सहा आठवड्यांनी येतो तेव्हा त्याच्याशेजारी उभी राहते. तो मला वैतागलाय.

तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, कसताना घोडी पोट फुगवते, म्हणून दहा पावलं चालवून पुन्हा कसायचा, हेही तिथेच कळलं. नाहीतर रिकिबीत पाय ठेवला की खोगीर आणि बाई दोघी पोटाखाली.

शेवंतीबद्दल एक मुद्दा, कारण नव्या जणींना बहुतेक तीच देतात. ती सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली मारवाडी वळणाची घोडी. तापीकाठी दत्तजयंतीच्या यात्रेत हा बाजार भरतो, तिथं चाल बघून किंमत ठरते. कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात, आणि ती रेवाल चालते, म्हणजे पाठ जवळजवळ हलत नाही, हातातला चहाचा कप सांडू नये इतकी. बसायला स्वर्ग. पण ट्रॉट म्हणजे दोन ठेक्यांची दुडकी, त्यात एका ठेक्याला उठायचं, एकाला बसायचं. शेवंती तो ठेका देतच नाही, तर उठाबशी शिकणार कशी? तीन महिने मी मला छान जमतंय या भ्रमात होते. जानेवारीत साहेबांनी सरदार नावाच्या उंच, हाडकुळ्या घोड्यावर बसवलं आणि पहिल्या मिनिटात दातावर दात आपटले. माझी मांड शून्य आहे हे तेव्हा कळलं. तुम्हीही दुसऱ्या महिन्यातच घोडा बदलून मागा, शेवंतीच्या सुखात राहू नका.

रपेटीचा खरा कस बागांमध्ये लागतो. ऑक्टोबरची छाटणी झाली की फवारणी सुरू होते, आणि ट्रॅक्टरमागचा ब्लोअर घोड्याला राक्षस वाटतो. घोड्याला जवळजवळ चौफेर दिसतं, पण थेट मागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही. ब्लोअर मागून आला, दिसला नाही, नुसता ऐकू आला. सरदारचे दोन्ही कान मागे गेले, पाठ माझ्याखाली धनुष्यासारखी ताणली. जुनी मी असते तर दोन्ही हातांनी लगाम ओढून धरला असता आणि तो उधळला असता. मी एकच बाजू हळूहळू आत घेतली, त्याचं तोंड ब्लोअरकडे वळलं, दिसला राक्षस, पाय जमिनीवर आले. शेतकरीदादांनी ब्लोअर बंद केला, वरून ‘जपून ताई’ म्हणाले. हे रिंगणात वीस वेळा केलेलं होतं म्हणून जमलं. नुसत्या रपेटीला येणाऱ्या जणींना हे कोणी शिकवत नाही, आणि माझं घोडं अडतं ते इथेच.

कारण डिसेंबर. नाताळच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची मंडळी वाईनरी बघायला नाशकात येतात, तबेल्याला त्या आठवड्यात कमाई असते. आमच्या सहाच्या ओळीत अचानक पाच पाहुण्या घुसवल्या. एकीनं रील काढायला घोडा पुढे काढला, ओळीतला माझ्या पुढचा घोडा आधीच चिडका, त्यानं लाथ झाडली. ती घोड्याला लागली नाही, माझ्या उजव्या नडगीला लागली. हाड वाचलं, पण पाय वांग्यासारखा झाला. दोन घोड्यांत निदान एका घोड्याचं अंतर हवं, लाथाळ घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधून त्याला शेवटी ठेवायचं, हे साहेबांनी आम्हाला शनिवारी शिकवलेलं. त्या रविवारी साहेब सुट्टीवर होते, फीत खोलीत खिळ्याला. मालकांचं उत्तर: ‘मॅडम, घोडा आहे, असं होतंच.’ घोडा आहे हे मान्य, पण अकरा जणी मोजून तुम्ही पैसे घेतलेत. दोन आठवडे भांडल्यावर एक्स-रेचा खर्च दिला आणि आता सुट्ट्यांमध्ये पाहुण्यांची ओळ वेगळी निघते. फीत मात्र मीच शेपटीला बांधते.

दुसरी तक्रार, बायकांची बॅच म्हणवून घेता आणि धड बाथरूम नाही. एक पत्र्याची खोली, कडी आतून लागत नाही. सहा महिने सांगतोय. कपडे बदलायला आम्ही गाडीच्या दारांना ओढण्या बांधतो. तिसरी, खोगिरं बहुतेक मोठ्या मापाची, लहान चणीच्या बाईला त्यात होडीत बसल्यासारखं होतं. लहान दोनच आहेत, लवकर पोचलात तर मिळतात.

कपड्यांचं म्हणाल तर जीन्स अजिबात नको, आतली शिवण मांड्या सोलते. जाड लेगिंग चालते. बुटाला थोडी टाच हवी म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. सपाट स्पोर्ट्स शू घालून आलात तर साहेब परत पाठवतात. अंगठ्या आणि लांब मंगळसूत्र घरी, ओढणी कमरेला बांधूनसुद्धा नको. हेल्मेट स्वतःचं, रायडिंगचंच घ्या, तबेल्यातल्या हेल्मेटांचे पट्टे सैल झालेत. स्कूटीचं हेल्मेट जड असतं आणि ऐकू येत नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन ठेवा, तबेल्यात खरचटणं रोजचंच. पाळीच्या दिवसांत मी दोनदा गेले, दोनदा नाही गेले. तेवढं ज्याचं त्यानं ठरवावं, साहेब कारण विचारत नाहीत.

बॅचमधल्या जणींमुळे टिकले हेही खरं. एक झेडपीच्या शाळेतली मास्तरीण, एक औषधांच्या दुकानाची मालकीण, आणि 61 वर्षांच्या मावशी, ज्यांची मुलगी त्र्यंबक रस्त्यावरच्या पोलीस अकादमीतून फौजदार होऊन बाहेर पडली. तिथं घोड्यावर बसावंच लागतं. लेक रोज फोनवर ‘आज पडले’ सांगायची, ते ऐकून मावशींनी नाव घातलं. चढायला सिमेंटचा ओटा आहे म्हणून त्यांचे गुडघे चालतात. जमिनीवरून लटकून चढण्यापेक्षा घोड्याच्या पाठीलाही ते बरं. आता लेक ड्यूटीवरून विचारते, ‘आई, टाच खाली ठेवतेस ना?’

तुम्ही हा तबेला नका निवडू, दुसरा निवडा, पण पैसे भरण्याआधी खोगीर काढलेला घोडा बघायला मागा. पाठीवर, तंगाच्या जागी, ओठांच्या कोपऱ्यात पांढरे केस किंवा जखमा असतील तर मागे फिरा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये असा सर्वसाधारण हिशेब आहे. आमच्याकडे त्याची पाटी नाही, साहेब नजरेनं ठरवतात आणि जड माणसाला ओशाळं न करता फक्त रिंगणात दोर धरायला देतात. मालकांना ते आवडत नाही.

सध्या मे चालू आहे, पावणेसहाला निघतो. पाणी मागे हटलंय, धरणाचा तळ उघडा पडून वर हिरवं गवत आलंय, आणि जाहिरातीतला फोटो आता खरोखर दिसतो. गवताखाली गाळ असतो. मागच्या रविवारी साहेबांनी सगळ्यांना थांबवलं, उतरले, काठी घेऊन वीस पावलं चालत गेले, काठी हातभर आत गेली, परत आले. आम्ही वळलो. घोड्यांनी पाणी प्यायलं. शेवटच्याचं होईपर्यंत एकही घोडा हलवायचा नाही, नाहीतर राहिलेला पिणं सोडून मागे धावतो. सरदार सगळ्यात हळू पितो. सहा जणी, कोणी बोललं नाही, नुसता घोटांचा आवाज.

जूनअखेर रपेटी बंद होतात, त्र्यंबकच्या बाजूचा पाऊस सुरू झाला की ती वाट राहत नाही. तबेल्यानं पावसाळ्यासाठी अर्ध्या पैशांत पॅकेज काढलंय, नुसती शनिवारची क्लिनिकं, पत्र्याखाली. चार जणी गळल्या. मी जुलैचे पैसे भरलेत, मावशींचेही माझ्याच यूपीआयवरून गेलेत, ते अजून यायचेत.