डस्ट माइट कव्हर: एका शिवणाऱ्या बाईच्या नजरेतून

मी कपडे शिवते. दिवसभर कात्री, मशीन आणि कापडाची तुसं यांच्यातच असते, त्यामुळे शिंकांचा दोष मी कित्येक वर्षं तुसांनाच दिला. पण शिंका मशीनवर बसल्यावर येत नसत, पहाटे अंथरुणातच सुरू होत. सलग पंधरा-वीस, मग नाक चोंदायचं आणि डोळ्यांना खाज. शेवटी हातावर टोचून करतात ती ॲलर्जीची चाचणी केली. धुळीतल्या माइट्सच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवांच्या, अर्काचा थेंब ठेवला होता तिथे चांगली मोठी गांधी उठली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "गादी किती वर्षांची?" अकरा वर्षांची होती.

माइट आपल्या अंगावरून गळणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर जगतो. पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषून घेतो, म्हणून उबदार आणि घामाने दमट होणारी गादी त्याला फार मानवते. त्रास मुख्यतः त्याच्या विष्ठेच्या कणांचा. हे कण साधारण २० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे हवेत तरंगत राहण्याच्या मानाने जड. कूस बदलली की उडतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात. मी आधी घेतलेल्या एअर प्युरिफायरने सकाळच्या शिंकांत काही फरक का पडला नाही, ते हे वाचल्यावर कळलं. प्युरिफायरमधली बारीक गाळणी, म्हणजे हेपा फिल्टर, ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो हे खरं, पण कण तिथवर पोचायला तर हवेत. माझं नाक उशीत होतं आणि प्युरिफायर कोपऱ्यात.

म्हणून माइट आणि त्यांचे कण आतच अडवणारं, अख्ख्या गादीला चेनने बंद करणारं कव्हर घेतलं. पहिलं होतं आतून प्लॅस्टिकसारखा थर दिलेलं. कूस बदलली की चरचर आवाज यायचा आणि पाठीला घाम. तीन आठवडे सोसलं आणि काढलं. घामाने झोपमोड होत असेल तर ते कव्हर कपाटातच जाणार, मग ते कितीही पक्कं असो.

दुसरं दाट विणीचं पॉलिएस्टर आहे, त्यावर कसलाही थर नाही. हात फिरवला तर चांगल्या छत्रीच्या कापडासारखं लागतं, पण मऊ. छिद्रं १० मायक्रॉनपेक्षा बारीक असावीत असं सांगतात, याच्या वेष्टनावर ६ लिहिलंय. तो आकडा घरी तपासता येत नाही, पण शिवण तपासता येते आणि मी तेच केलं. शिवणारीला हे लगेच दिसतं: ९० नंबरची सुई ०.९ मिलिमीटर जाड असते आणि पूर्ण वाढलेला माइट जेमतेम ०.३ मिलिमीटरचा. धाग्याने भोक बरंचसं भरतं, सगळं नाही. म्हणजे कापड कितीही दाट असलं तरी शिवणीत वाटा उरतात. या कव्हरच्या शिवणी आतून पट्टी लावून बंद केल्यात. कोपऱ्यात पट्टी दुमडून पुढे नेलीय, तोडून जोडलेली नाही. हे काम मन लावून केलेलं आहे आणि मला ते फार आवडलं.

चेनच्या बाबतीत मात्र मी नाराज आहे. चेन तीन बाजूंनी फिरते, त्यामुळे जड गादी आत सरकवायला सोपी जाते, पण रनर जिथे थांबतो तिथे करंगळीचं टोक जाईल एवढी फट राहते. त्यावर झाकणपट्टी हवी होती. मी स्वतः आतून कापड लावून ती बंद केली. ज्यांना शिवता येत नाही त्यांनी रुंद चिकटपट्टी लावली तरी चालेल. आणि मोजताना गादीची उंचीही मोजा. दोन बोटं कमी पडली तर चेन ताणाखाली उसवते.

आता महत्त्वाचं. नुसतं कव्हर घालून थांबू नका. २००३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या. दमा किंवा नाकाच्या ॲलर्जीच्या रुग्णांना फक्त कव्हरं दिली, तर त्रासात फरक पडला नाही. मला यात नवल वाटत नाही. कव्हरवरच्या चादरीवर रोज नवा कोंडा पडतोच. मी चादर, अभ्रे आणि पांघरुणाची खोळ दर आठवड्याला ६० अंश सेल्सियसच्या पाण्यात धुते, कारण त्या तापमानाला माइट मरतात. गार पाण्यात कण बरेच वाहून जातात, माइट मात्र बहुतेक जिवंत राहतात. जाड पडदे काढले. केर कोरड्या झाडूने न काढता ओल्या फडक्याने पुसते. अंथरूण उठल्या उठल्या घडी न करता तासभर उघडं ठेवते, ओल उडून जावी म्हणून.

आठ महिने झाले. औषध बंद नाही, पण रोज लागणारा नाकातला फवारा आता डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी झालाय. सकाळी दोन-तीन शिंका येतात, कधी एकही नाही. नेमकं श्रेय कव्हरचं किती आणि धुण्याचं किती, हे मला वेगळं करता येणार नाही.

सगळं एकदम घेणं शक्य नसेल तर आधी उशीचं कव्हर घ्या. रात्रभर तोंड तिथेच असतं.